मागच्या दाराचा दिवा

दिवा बंद.

सेन्सर मी मागच्या दाराला बसवला, विहिरीकडे तोंड करून. वायर खिडकीतून आत आणली. स्वयंपाकाच्या ओट्यावर लाल एलईडी. विहिरीकडून कुणी आलं की तो लागणार.

"पुढच्या दाराला लाव की गं," बाबा म्हणाले.

"पुढून कुरियरवाले येतात, बाबा. आपली माणसं मागून येतात."

बाबा सुपारी सोलत राहिले.

आमच्या आळीत असंच आहे. पाहुणे पुढच्या अंगणात चपला काढतात. घरचे वाडीतून येतात, विहिरीवर पाय धुतात आणि थेट स्वयंपाकघरात. आईसुद्धा शाळेत शिकवून आली की तशीच यायची, ओल्या पावलांनी. दिवाळीपासून ती खाडीपलीकडे आगरदांड्याला एकटी राहते. गेल्यापासून आज पहिल्यांदा येणार होती.

दिवा चालू.

मांजर.

दिवा बंद.

दिवा चालू. शेजारची आरोही.

"अय्या, माझ्यामुळे लागला? आणि मी अशी पुतळा झाले तर?"

ती पुतळा झाली. जरा वेळाने दिवा विझला.

"मेले वाटतं मी!"

"त्याला हलणारं माणूसच कळतं. गप्प उभं राहिलं की त्याच्या लेखी तिथे कुणीच नाही."

"येडाच आहे तुझा सेन्सर," म्हणत ती गेली.

बंद.

दिघीच्या धक्क्याला बोट लागल्याचा भोंगा ऐकू आला. तिथून रिक्षाने कितीसा वेळ लागतो? मी ओट्याशी बसून राहिले. वायर हलवून पाहिली. बॅटरी बदलली.

बंद.

बंद.

मग पुढची कडी वाजली.

आई पायरीखाली उभी होती. चपला काढून नीट जोडून ठेवलेल्या. हातात पेढ्यांचा पुडा.

"येऊ का?" तिनं बाबांना विचारलं.

"ये ना. बस." बाबांनी खुर्ची पुढे केली. पाहुण्यांची खुर्ची.

मी दारात आडवी उभी राहिले. "आई, मागून ये."

"भार्गवी, हे काय गं आता?"

"विहिरीवरून ये. मी दिवा केलाय."

तिनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी खुर्चीकडे. मग तिनं पुडा पायरीवर ठेवला आणि अनवाणीच घराला वळसा घालायला निघाली. मी आतून धावत ओट्याशी.

चालू!

लाल. लालभडक. विहिरीवर तांब्याचा आवाज झाला, पायांवर पाणी पडलं. पावलं जवळ आली. उंबऱ्याशी आली.

थांबली.

मी दिव्याकडेच बघत होते.

बंद.

दार उघडंच होतं. उंबऱ्याबाहेर आई उभी होती, ओल्या पावलांनी, तिच्या ओट्याकडे बघत.

"आई," मी म्हटलं, "हल ना."