देव झालेल्या लोहचुंबकाचे गाऱ्हाणे

मी एक जुना लोहचुंबक आहे. मित्रांनो, माझा काळा रंग पाहून नाक मुरडू नका. माझी उमेदीची वर्षे एका लाऊडस्पीकरच्या पोटात गेली. मी सगळ्या शुक्रवार पेठेचे कान किटवले आहेत. एका वरातीत तो स्पीकर फाटला आणि मी राजाबाईंच्या भंगार दुकानात येऊन पडलो. त्यांनी मला सुतळीला बांधून कामाला लावले. मला चिकटेल ते लोखंड, न चिकटेल ते बाजूला.

हे लोखंड अवधूतरावांच्या कारखान्यात जाई. ते वितळवून तिथे पंपांचे भाग ओतत. पण भट्टी सदा उपाशी. आमच्याकडे शनिवारी लोखंड कोणी घेत नाही, अमावास्येला कोणी देत नाही आणि उरलेल्या दिवशी गाडीवाला शिवपुत्र दुधनीला सासुरवाडीत असतो. शेवटी राजाबाईंनी शब्द दिला, "दर मंगळवारी निवडलेल्या मालाची गाडी. खाडा न्हाय." वळसंगपासून दुधनीपर्यंतच्या भंगारवाल्यांना त्यांनी वार वाटून दिले. वर्षभर भट्टी सुरळीत चालली. निवड माझी होती हे सांगायला नको, तरी सांगतो.

यंदा खंडेनवमीला राजाबाईंना भक्तीचा उमाळा आला. माझ्याबरोबर त्यांनी सगळ्या ढिगालाच हळदकुंकू वाहिले. मंगळवारी गाडी आली, तर हमाल येडू हात बांधून उभा.

"अक्का, पूजलेलं लोखंड जाळायचं? मी न्हाय हात लावणार."

तेवढ्यात अवधूतरावांचा फोन आला. "राजाबाई, आज माल आला नाही तर पंपांचं काम दुसरीकडे जाईल. माझी माणसं घरी बसतील हो."

राजाबाईंनी मला उचलले. "देवालाच कौल लावू. चिकटला तर व्हय."

सगळ्यांनी हात जोडले. मी टेकलो तो नेमका ॲल्युमिनियमच्या पातेल्यावर. मी ढिम्म. येडूने नकाराची मान हलवली.

"ते गाडीत जायचंच न्हवतं," म्हणत राजाबाईंनी पातेले भिरकावले. पुढच्या खेपेला मी नांगराच्या फाळाला असा बिलगलो की मला ओढून काढावे लागले. गाडी भरली आणि भट्टी पेटली.

माझे मात्र वाटोळे झाले. येडूने मला शेंदूर फासून देवळीत बसवले. माझ्यापुढे नारळ फुटू लागले. येडूने आपल्या साखरपुड्याच्या अंगठीलाही कौल लावला. सोने मला चिकटत नाही, मित्रांनो. बिचाऱ्याचे लग्न मोडता मोडता राहिले. खरे तर चिकटली असती तरच काळजी होती.

इकडे माल नुसत्या नजरेने निवडला जाऊ लागला. लोखंडात ॲल्युमिनियम गेले, पंपांना बारीक भोके पडली. अवधूतरावांनी गाडी परत पाठवली. "पुन्हा असं झालं तर मला दुसरीकडे बघावं लागेल," ते म्हणाले.

राजाबाई देवळीपुढे आल्या. त्यांनी पदराने माझा शेंदूर पुसला. "देवा, लई बसलास की. उतर आता."

पुन्हा सुतळीला लटकलो तेव्हा आनंदाच्या भरात मी त्यांच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगाच ओढला.

मित्रांनो, ज्याच्या जोरावर तुमचे काम चालते, त्याला वर्षातून एकदा फूल जरूर वाहा. दुसऱ्या दिवशी मात्र त्याला कामावर बोलवायला विसरू नका. येतो मी. आज मंगळवार आहे, गाडी दारात उभी आहे.