स्वतःच्या लग्नाचं माप

पावस गावच्या मृणालीने गेली बारा वर्षं रत्नागिरीतल्या नवऱ्या मुलींचे ब्लाउज शिवले. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत तिचा छोटासा गाळा होता. लग्नाच्या दिवसांत तिथे इतकी गर्दी व्हायची की बायका बाहेरच्या पायरीवर बसून आपल्या नंबराची वाट बघायच्या. कुणाचा दंड जाड, कुणाची पाठ वाकलेली, कुणाला गळा मोठा हवा पण सासूला चालणार नाही, हे सगळं तिला ठाऊक असायचं आणि ती ते बाहेर कुठे बोलायची नाही.

पस्तिसाव्या वर्षी तिचं स्वतःचं लग्न ठरलं, तेव्हा जो तो सांगू लागला की नवरीने स्वतःचं शिवू नये, जरा आराम करावा. डोंबिवलीहून हरिश्चंद्रमामांचा फोन आला.

"ब्लाउज मी दादरला शिवायला टाकतो. तू फक्त माप पाठव."

"मामा, पिवळी अष्टपुत्री साडी तुमच्याकडूनच येऊ दे, तो तुमचा मान आहे," मृणाली म्हणाली. "पण मुहूर्ताचा ब्लाउज माझा मी शिवणार. साडीही घेऊन झाली."

साडी तिने एकटीने जाऊन घेतली होती. वांगी रंगाची, बारीक जरीच्या काठाची. नवऱ्या मुलींबरोबर कितीदा तरी ती त्याच दुकानात गेली होती आणि दर वेळी त्यांना भरजरी लाल-हिरव्यातलं निवडून दिलं होतं. स्वतःसाठी मात्र तिला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मुंडावळ्याही तिने घरीच ओवल्या, तिच्या आणि नवऱ्यामुलाच्याही, साबुदाण्याएवढ्या मोत्यांच्या. बाजारातल्या फार जड असतात आणि फेरे घेताना डोळ्यांवर येतात, हे तिने पुष्कळ लग्नांत पाहिलं होतं.

अडचण ब्लाउजचीच होती. मृणालीचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता. नऊ वर्षांची असताना ती बागेच्या दगडी गडग्यावरून पडली, खांद्याचं हाड मोडलं आणि वाकडंच जुळलं. "डॉक्टरांनी हाताला झोळी बांधली होती, ती काढून तूच खेळत बसलीस," असं घरात सगळे सांगत आले होते आणि तिलाही ते तसंच पटलं होतं. शिवणकाम शिकल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती ही, की स्वतःच्या प्रत्येक ब्लाउजात डावीकडे एक पॅड घातला. एकदा अंदाजाने एक ब्लाउज बेतला आणि पुढचे सगळे त्यावरूनच कापले. त्यामुळे जिच्या हातून हजारभर बायकांची मापं गेली, तिचं स्वतःचं माप कुणी धड घेतलंच नव्हतं.

होणाऱ्या नवऱ्याला, सर्वेशला, तिने पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. तो मिरकरवाड्याजवळच्या बर्फाच्या कारखान्यात यंत्रं सांभाळायचा. मोजकं बोलणारा माणूस.

"माझा एक खांदा उतरता आहे," ती म्हणाली होती.

त्याने बघितलं. "मला नाही दिसला."

"पॅड घातलाय म्हणून."

"बरं," तो म्हणाला आणि चहा प्यायला लागला. त्याने ते सहज घेतलं, पण ती मात्र त्या दिवसापासून अस्वस्थ होती. त्याला जे दिसलं होतं ते तिचं नव्हतं, तिने शिवलेलं होतं. लग्नात पॅड घालायचा नाही, असं तिने मनाशी ठरवलं ते तेव्हाच.

पण स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही. टेप धरायला हात वर केला की खांदाही वर जातो. म्हणून एका रविवारी तिने आईला, जनीला, पडवीत उभं केलं आणि हातात टेप दिला.

"खांद्याच्या टोकापासून खाली कमरेपर्यंत. आधी उजवीकडे, मग डावीकडे. आकडा मोठ्याने सांग, मी लिहिते."

जनीने चष्मा लावला. "साडेचौदा," ती म्हणाली. मग दुसऱ्या बाजूला आली. टेप लावला, काढला. "हेही साडेचौदाच."

मृणालीने ते लिहून घेतलं. तिने जुन्या चादरीच्या कापडाचा कच्चा ब्लाउज त्याच मापाने शिवून अंगात घातला. उजवी बाजू चपखल बसली. डावीकडे खांद्यापासून छातीपर्यंत कापडाची मोठी सुरकुती पडली.

"आई, तू डावीकडचं वाचलंस का खरंच?"

"वाचलं की."

"मग ही सुरकुती कशाने आली?"

जनी पडवीच्या कठड्यावर बसली. चष्मा काढून पदराला पुसला, परत लावला, परत काढला.

"तिथं टेप गेला की माझा हात सरकतोच, बाय," ती म्हणाली. "बघायचा धीर होत नाय."

"इतकं काय आहे त्यात? मलाच नाही वाईट वाटत आता."

"झोळी तू नाय काढलीस," जनी म्हणाली. "झोळी बांधलीच नव्हती तुला. आंब्याचे दिवस होते. तुझा बाप गोदीत, मुंबईला. मी बागेत पेट्या भरायला जायची. मुकादम म्हणाला, आज गेलीस तर उद्या दुसरी बाई उभी करीन. मला वाटलं, मुका मार असेल. तेल लावून चोळत राहिले. आठ दिवस. तू रडायचीस आणि मी चोळायची. मग नेलं रत्नागिरीला. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, हाड धरलंय आता."

"आणि झोळी?"

"तुझ्या बापाने पत्रातून विचारलं, असं कसं झालं. मी लिहिलं, पोरीने झोळी काढली. एकदा लिहून गेलं. मग सगळे तेच बोलायला लागले. तूही."

मृणालीने कच्चा ब्लाउज काढून घडी केला. तिला राग आला होता. सव्वीस वर्षं ती स्वतःला आगाऊ पोर समजत आली होती. शाळेत कुणी खांद्यावरून चिडवलं, बघायला आलेल्या तीन ठिकाणांहून नकार आला, तेव्हा दर वेळी मनात एकच आलं होतं की आपलीच करणी. त्यातलं काही आता परत घेता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने ती गाळ्यावर गेली. चार दिवस ती उशिराच घरी यायची, जेवायची, झोपायची. लोकांचे ब्लाउज शिवत राहिली. आई वाढायची आणि ती जे लागेल तेवढंच बोलायची. वांगी रंगाचं कापड कपाटात तसंच पडून होतं.

पाचव्या दिवशी सर्वेश कुर्त्याचं माप द्यायला आला. तिने टेप लावला. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला अर्धा इंच रुंद भरला.

"बर्फाच्या लाद्या ओढून," तो म्हणाला. "आधी लाद्या ओढायला होतो, सात वर्षं. तुझं झालं का शिवून?"

"नाही. माप चुकलं."

"मग परत घ्यायचं," तो म्हणाला. त्याला घरातलं काहीच माहीत नव्हतं. तिनेही सांगितलं नाही. पण तो गेल्यावर ती बराच वेळ टेप गुंडाळत बसली. आईच्या जागी दुसऱ्या कुणाला, शेजारच्या समीक्षाला बोलावलं तर दहा मिनिटांत काम होण्यासारखं होतं. ते तिला नको वाटलं.

संध्याकाळी घरी येऊन तिने पाय धुतले आणि आईला हाक मारली.

"चष्मा घेऊन ये. परत माप घ्यायचंय."

"दुसऱ्या कोणाला तरी सांग गो."

"नाही. तूच घे. आणि या वेळी जे असेल ते वाच."

जनीने उजवीकडचं वाचलं. मग डाव्या खांद्यावर हात ठेवला. तो पुन्हा सरकायला लागला, तशी मृणालीने टेपचं वरचं टोक खांद्याशी बोटाने दाबून धरलं.

"सव्वातेरा," जनी म्हणाली. टेपवर बोट ठेवून परत म्हणाली, "सव्वातेरा."

मृणालीने लिहून घेतलं. आई रडत होती. मृणालीने तिला जवळ वगैरे घेतलं नाही, पण "चहा टाकू का?" असं विचारलं, आणि चार दिवसांनी दोघींनी पडवीत बसून एकत्र चहा घेतला.

ब्लाउज शिवायला तिला दोन दिवस लागले. डाव्या बाजूचे सगळे भाग तिने वेगळ्या कागदावर बेतले, बाही जोडायचा मुंढा खाली घेतला, डावी बाही थोडी वेगळी कापली. पाठीला नाडी नको, साधे हुक. अस्तर सुती, मार्चमधल्या घामाला बरं. अंगात घालून ती आरशापुढे उभी राहिली. खांदा खाली होता आणि दिसतही होता. कापडाला मात्र एक सुरकुती नव्हती. इतका नेटका ब्लाउज तिने आजवर कुणालाच शिवला नव्हता, आणि हे तिला स्वतःलाच कबूल करावं लागलं.

लग्न पावसलाच, हॉलमध्ये झालं. मामा अष्टपुत्री घेऊन आले, शिवाय दादरहून एक तयार ब्लाउजही. "असू दे, कधीतरी घालशील," म्हणाले. मृणालीच्या केसांत सुरंगीचा गजरा होता आणि त्याच्या वासाने मधमाश्या खिडकीशी येत होत्या. अक्षता पडल्या, हार घालून झाले, आणि फोटो काढणारा ऋत्विक पुढे आला.

"ताई, डावा खांदा जरा वर घ्या ना."

"तो तिथेच असतो," मृणाली म्हणाली. "असाच काढा."

सर्वेशने वळून बघितलं. "हाच का तो?"

"हाच."

"बरं," तो म्हणाला, आणि कॅमेऱ्याकडे बघू लागला. मुंडावळ्यांखाली तो हसत होता की फोटोच्या दिव्याने डोळे बारीक करत होता, हे तिला कळलं नाही. तिला मात्र हसू आलं, आणि फोटोत ते आलंय.

जनी मागच्या रांगेत उभी होती. कुणीतरी बाई तिच्या कानाशी लागून म्हणाली, "पोरीचा खांदा दिसतोय गो, पदर तरी नीट लावायचा." जनी म्हणाली, "माझ्यामुळे झालंय ते. लहानपणी मी वेळेवर नेलं नाय." मृणालीला हे नंतर समीक्षाकडून कळलं.

लग्नानंतर आठ दिवसांनी ती मिरकरवाड्यातल्या सासरच्या घरून गाळ्यावर जायला लागली. तोवर आईवरचा राग पूर्ण गेला, असं काही झालं नाही. मधेच कधी मशीन चालवताना तो वर यायचा आणि ती पायडल थांबवून जरा बसून राहायची. पण दुपारी आईचा फोन आला की ती उचलायची. जेवलीस का, सर्वेशला डबा काय दिला, बांगडा महाग झालाय का, असं बोलणं चालायचं. आणि एका दुपारी जनीने विचारलं, "त्या गडग्याखाली तू किती वेळ पडून होतीस, तुला आठवतं?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मृणालीने मशीन बंद केलं, दार ओढून घेतलं, आणि आठवेल तसं सांगायला लागली.