सासूबाईंनी आणून दिलेला पत्ता

नवरा-बायको वेगळे झाले तेव्हा कोर्टाने मुलीसाठी दरमहा पोटगी ठरवून दिली होती. नवरा वेल्डर. हाताला कसब, त्यामुळे काम कुठेही मिळायचं. चार महिने त्याने पैसे दिले, मग नोकऱ्या बदलत राहिला. फोन लागेना, ठावठिकाणा कळेना. बायको कपडे शिवायची. घर चालायचं, पण शाळेची फी भरायची वेळ आली की मशीन पहाटेपासूनच सुरू व्हायचं.

कोर्टातला कारकून भला माणूस होता. "ताई, पगारातून परस्पर पैसे कापता येतात," तो म्हणाला. "हुकूम गेला की मालकाला कापावेच लागतात. पण मालक कोण ते तर कळू दे. हुकूम काय हवेत पाठवू?"

एका रविवारी सासूबाई दारात उभ्या. वर्षभर फिरकल्या नव्हत्या. त्यांनी नातीची वेणी घातली, चहा घेतला आणि पिशवीतून एक चिठ्ठी काढली. तिच्यावर बोटी दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्याचा पत्ता होता.

"आई, त्यांना कळलं तर?"

"मीच सांगणार आहे. पोटचा असला म्हणून काय झालं? पोरीच्या पोटावर पाय देतोय, ते बघत बसू?"

बायकोने दुसऱ्याच दिवशी चिठ्ठी कारकुनाकडे नेली. दीड महिन्यात पहिली रक्कम खात्यात आली. थकलेले पैसेही हप्त्याहप्त्याने येऊ लागले. नवऱ्याने आपल्या आईशी अबोला धरला. "भूक लागली की बोलेल," म्हणून म्हातारी निवांत.

तीन महिन्यांनी तो स्वतःच आला. उंबऱ्याबाहेर चपला काढून अवघडून उभा राहिला.

"पैसे तर जातातच आहेत," तो म्हणाला. "मग लपून तरी काय करू? पोरीला भेटू दे."

बायको बाजूला झाली. मुलगी आधी नुसती बघत राहिली, मग त्याला मागच्या अंगणात घेऊन गेली. तिथे तिची मोडकी सायकल पडली होती. त्याने तुटलेल्या दांडीवरून बोट फिरवलं.

"ही नेतो. रविवारी आणतो."

"नक्की?"

"नक्की."

बायकोला त्याच्या 'नक्की'चा अनुभव होता, म्हणून तिने मुलीला फार आशा धरू दिली नाही. पण रविवारी तो इतक्या सकाळी सायकल घेऊन हजर झाला, की तिने तोंडात ब्रश धरूनच दार उघडलं.