ठेवून द्या, येते

बुद्धप्रियाने त्या दिवशी वीरण्णांच्या दुकानात जे केलं ते चोरीत मोडत नव्हतं. मोडलं असतं तर बरं झालं असतं, चोरी निदान कबूल तरी करता येते. ती फक्त एक वाक्य बोलली होती. तेही हसून, सगळे बोलतात तसंच.

वीरण्णांचं व्हिडिओ गेमचं दुकान नांदेडला, वजिराबादेत. माणूस मूळचा देगलूरकडचा, त्यामुळे बोलण्यात अधूनमधून कानडी डोकावायची. बुद्धप्रिया सातवीत असताना पहिल्यांदा ती पायरी चढली तेव्हा आत सगळी पोरं होती, आणि हिचं इथं काय काम, हे प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं. वीरण्णांनी त्यातल्या एकाला उठवलं, खुर्ची पुसली आणि म्हणाले, "ये अव्वा, बस." अव्वा म्हणजे कानडीत आई, आणि तेव्हापासून ती त्यांची अव्वा झाली. निघताना तिच्या तोंडून "जाते काका" निघालं की ते हातातलं काम सोडून दटावायचे, "जाते म्हणू न्हाई. येते म्हणावं. जाते म्हणलं की दुकानाला लागतंय."

आता ती लातूरला पाणीपुरवठा खात्यात इंजिनियर होती, नवरा प्रेम कॉलेजात शिकवायचा. दिवाळीत तिने गेमची नवीन मशीन घेतली, बिनखाचेची. डिस्क घालायची सोयच नाही, सगळे गेम डाउनलोड करायचे. यात लाजण्यासारखं खरं तर काहीच नव्हतं. एका डिस्कसाठी लातूरहून नांदेडला कोण एसटीत हाडं खिळखिळी करून घेणार? घरबसल्या बटण दाबलं की गेम हजर. "काका, मी आता डाउनलोडच करते," एवढं सांगितलं असतं तरी विषय संपला असता. वीरण्णा काही तिला खाणार नव्हते. पण माहेरी गेली की ती दुकानात जायची, चहा प्यायची, आणि हे वाक्य चहाबरोबर गिळून परत यायची.

मार्चमध्ये ती गेली तेव्हा एक नवा गेम आला होता, लाल घोड्यावर बसलेल्या बाईचं चित्र असलेला. गेम महाग होता आणि घ्यावा की नाही हे तिचं ठरत नव्हतं. वीरण्णांनी दुकानातल्या मशीनवर लावून दिला. ती चांगला अर्धा तास खेळली. आवडला. मग वीरण्णांनी सीलबंद डबी तिच्यापुढे धरली. डिस्कला ते सीडीच्या चालीवर 'शिडी' म्हणत. "एकच शिडी उरली हाय अव्वा. डीलर आता लई पाठवत न्हाई. दिऊ का बांधून?"

तेव्हा ती ते वाक्य बोलली. "ठेवून द्या काका, येते."

तिच्या मनातला अर्थ असा, की डबी जागेवर ठेवा, मी निघते. वीरण्णांनी ऐकलं ते असं, की माझ्यासाठी बाजूला ठेवा, मी येणार आहे. आता मराठीच अशी आहे त्याला मी काय करू, असं तिने नंतर स्वतःला अनेकदा सांगून पाहिलं. पण खोटं कशाला बोलायचं? वाक्य दोन्हीकडून वाजतं हे तिला तेव्हाच ठाऊक होतं, म्हणून तर ते तिने निवडलं. डबी मांडणीवर न जाता गल्ल्याखालच्या कप्प्यात गेली, हेही तिने डोळ्यांनी पाहिलं. आणि गप्प राहिली. कोपऱ्यावरच्या रसाच्या गाड्यापाशी उभं राहून तिने मोबाइलवरून तोच गेम विकत घेतला. ती लातूरला पोचेपर्यंत घरच्या मशीनवर तो उतरलेलाही होता.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी फोन आला. "अव्वा, रेणापूरला भाच्याचं लगीन होतं. आता लातूरच्या स्टँडवर हाय. घरी हाईस न्हवं? तुझी अमानत घिऊन आलोय."

नाही म्हणायचं तर कोणत्या तोंडाने? बुद्धप्रियाने पत्ता सांगितला आणि फोन ठेवताच घरभर धावत सुटली. मशीनवर टेबलक्लॉथ टाकला, त्यावर फुलदाणी ठेवली, टीव्हीची पिन भिंतीतून उपटली. प्रेम बघतच राहिला. "काय झालं गं?" "काही नाही, काका येताहेत. टीव्ही बिघडलाय म्हणायचं." "कधी बिघडला?" "आत्ता!"

वीरण्णा आले ते घामाघूम होऊन. "जयभीम जावईबापू," म्हणत प्रेमचा हात हातात घेतला, पाणी प्यायले आणि टेकायच्या आधीच पिशवीतून डबी काढली. लग्नातल्या मांडवात पिशवी क्षणभरही खाली ठेवली नव्हती म्हणे. "लाव की. बघू दे तुला खेळताना. लई दिवस झाले."

"टीव्ही बिघडलाय ना काका."

"मग मी कशाला हाय?" वीरण्णांचा चेहरा एकदम उजळला. तिने नको नको म्हणेपर्यंत ते टीव्हीमागे वाकलेही. "अगं येडे, नुसती पिन निघालीय! अन् तू म्हणून राहिली बिघडलाय." त्यांनी पिन खोचली. टीव्ही लागला, घाईत चालूच राहिलेल्या मशीनचा दिवा टेबलक्लॉथखाली लुकलुकला, आणि पडदाभर लाल घोडा उभा राहिला. त्याच्या खाली तिचं नाव, आणि खेळ पुढे चालू करायचा का, हा प्रश्न.

वीरण्णांनी हातातल्या डबीकडे पाहिलं, मग पडद्याकडे. फुलदाणी उचलून हळूच बाजूला ठेवली, टेबलक्लॉथ काढला आणि मशीनच्या कडेवरून बोट फिरवलं. खाच कुठं आहे ते शोधत होते. एकदा पुढून फिरवलं, एकदा बाजूने. मग बोट थांबलं.

बुद्धप्रियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते रागावले असते, चार शिव्या घातल्या असत्या तरी तिने मुकाट ऐकून घेतल्या असत्या. पण ते स्वतःच ओशाळले होते, जणू परक्या घरात नको ते उघडून बसलो.

"कवा घेतलीस?"

"दिवाळीत."

"बरं केलंस. आता असंच हाय." मग म्हणाले, "कौठ्याची एक बाई चार चकरा मारून गेली. लेकाच्या वाढदिवसाला पायजे होती तिला. दिली न्हाई मी. म्हणलं, आमच्या अव्वाची हाय."

"काका, मी घेते ना. पैसे देते, थांबा," ती पर्स आणायला धावली. बोलता बोलताच तिला कळलं की हे आणखी वाईट आहे, पण पाय थांबेनात.

"काय करशील घिऊन? खाचच न्हाई तिला," वीरण्णा म्हणाले. आवाजात कडवटपणा नव्हता, जे आहे ते सांगावं तसं. डबी त्यांनी पुन्हा पिशवीत ठेवली. "त्या बाईला फोन करून बघतो. वाढदिवस तर होऊन गेला, पर घेईल कदाचित."

प्रेमने चहा आणला. वीरण्णा तो पूर्ण प्यायले, चांगला झालाय म्हणाले, तिच्या आईची तब्येत विचारली. बुद्धप्रिया खाली मान घालून उत्तरं देत होती. "माझं चुकलं काका," हे तीन शब्द घशापर्यंत यायचे आणि परत फिरायचे. चहा संपला, वीरण्णा उठले, तरी ते शब्द तोंडातून निघालेच नाहीत.

दारात वीरण्णांनी वाकून चपला घातल्या. ती चौकटीला धरून उभी राहिली. आता ते येतो म्हणतील, मग आपण "या काका, नक्की या" म्हणू, त्यातच सगळं आलं असं समजू, एवढी एकच आशा तिने धरली होती. वीरण्णांनी पिशवी खांद्याला लावली, तिच्या डोक्यावर नेहमीसारखा हात ठेवला.

"जातो, अव्वा," म्हणाले, आणि जिना उतरू लागले.