तीन नंबरची खोली

“दगा,” शेठ माझ्या नवऱ्याला म्हणाले, “स्क्रीनवर रातभर अठरा डिग्री आहे. खोली थंडच होती. म्हणजे पिकवायचा गॅस तूच जास्त सोडला. उद्यापासून येऊ नको.”

निरंजन शेठची बुऱ्हाणपुरात केळी पिकवायची कोठी आहे. तीन नंबरच्या खोलीतला माल सकाळी मऊ पडलेला निघाला अन् खापर आमच्या ह्यांच्यावर. हे मान खाली घालून उभे. माझं डोकंच फिरलं. मी तिथेच केळी धुते, मला कोणाची भीती?

“ह्या माणसाच्या हातून गॅस कधी चुकला नाही शेठ. तुमच्या त्या डब्याला विचारा,” मी म्हटलं.

भिंतीवरचा डबा खोलीची गरमी मोजून ऑफिसच्या कॉम्प्युटरला कळवतो. शेठची पुतणी तृप्ती हिनेच ते सगळं बसवलेलं. तिने येऊन कॉम्प्युटरवर डब्यांच्या चालू जोडण्या तपासल्या.

“मावशी, प्रोग्राममध्ये प्रत्येक खोलीसाठी वेगळा थ्रेड आहे. कानाला फोन लावून बसलेला माणूस समजा. तीन नंबरच्या दोन जोडण्या दिसतात. एक आज सकाळची. जुनी कालपासून गप्प. डबा अचानक बंद झाला, ‘ठेवतो’ म्हणालाच नाही, अन् आपला थ्रेड वाट बघत बसला. पिकत्या केळ्यांनी खोली तापली तरी स्क्रीनवर जुनाच आकडा, म्हणून थंडी कोणी वाढवलीच नाही.”

“पण डबा बंद केला कोणी?” शेठ म्हणाले.

काल अमावस्या. आमच्यात अमावस्येला बैल जुंपत नाहीत. डबा बिचारा महिनाभर राबतो, म्हणून संध्याकाळी त्याला हळदकुंकू लावून मीच बटन दाबलं होतं.

“माझ्या हातून झालं,” हे म्हणाले.

“खोटं बोलतात. मी केला बंद,” मी म्हटलं.

तृप्ती म्हणाली, “काका, लाइट तर इथे रोजच जाते. मिनिटभर आवाज नाही आला, तर जोडणी तोडून लाल दाखवायला पाहिजे होतं. ते मी लिहिलंच नाही.”

मग शेठ म्हणाले, “दगा, खोली धुऊन घे. दुपारी फोपनार गावचा माल येतोय.”

बाहेर मी विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

“सकाळी डबा चालू करताना हळदकुंकू दिसलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुझं काम गेलं असतं.”

असा राग आला मला ह्या माणसाचा, अन् रडूही. त्यांच्या हातातला पाइप हिसकावला अन् खोली मीच धुतली.