सिनीवा मावशीचे पाय

आधी फळ्याचं सांगते, कारण फळा माझा. म्हणजे लाकूड चर्चचं, काळा रंग पाळकसाहेबांच्या पडवीत उरलेला, पण डोकं माझं.

त्या वर्षी सगळ्या सावाई बेटावरच्या शाळांमधून भाषणाच्या स्पर्धेत मी पहिली आले होते. त्याआधी मी वर्गात ‘हजर’ म्हणतानासुद्धा खाली बघायची. बक्षिसाची ढाल हातात आली आणि माझा आवाज एकदम मोकळा झाला. दुकानात, चर्चच्या गायकांत, बसमध्ये, जिथे जाईन तिथे मी बोलायला लागले आणि गंमत म्हणजे लोक ऐकायला लागले. मावशी म्हणायची, या लुपेच्या घशात कोंबडा शिरलाय, आता पहाटेची घंटा वाजवायला नको.

सिनीवा मावशी म्हणजे माझ्या आईची मोठी बहीण. आई ऑकलंडला एका दवाखान्यात चादरी धुते, मी चार वर्षांची असल्यापासून मावशीकडे. मावशीला मूल नाही असं लोक म्हणतात. तिच्यासमोर कुणी म्हणून दाखवावं.

आमचं गाव फालेनिऊ, घरं एकेचाळीस. दर महिन्याला महिला समिती घरोघर फिरते. पांढरा ब्लाउज, कमरेला गुंडाळलेलं निळं वस्त्र, लावालावा, आणि सगळ्यात पुढे शिट्टी घेऊन अध्यक्षीण, म्हणजे मावशी. चटया उन्हात टाकल्यात का, पाण्याची टाकी झाकलीय का, डुकरं बांधलीत का, सगळं बघायचं. तिच्या जिभेला गाव घाबरायचं आणि तिच्या जिभेसाठीच तिच्या मागे मागे चालायचं. एकदा एका घरी उभी राहून ती शांतपणे म्हणाली, “बाई, तुझ्या डुकरानं तुझ्याआधी अंघोळ केलेली दिसते.” ती बाई स्वतःच इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

पण अंगण झाडून रक्तातली साखर जात नाही. गेल्या पाच वर्षांत आमच्या गावातले सहा पाय गेले. किती माणसं आजारी ते कुणी मोजत नाही, आम्ही पाय मोजतो. कारण आधी बोट जातं, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत, आणि मग माणूस चर्चच्या मागे मातीत झोपायला जातो. मालिया नर्स दर तीन महिन्यांनी येऊन सगळ्यांची साखर बघायची, लोक आकडा ऐकून माना डोलवायचे आणि रविवारी पुन्हा नारळाच्या दुधातला तारोचा कंद आणि डब्यातलं मांस पुढ्यात ओढायचे.

म्हणून समितीच्या बैठकीत मी उभी राहिले. म्हटलं, चर्चच्या सभागृहात फळा लावू. प्रत्येकाचं नाव, पुढे तीन रकाने: वजन, साखर, पाय. तिन्ही बरे असले तर पिवळ्या खडूनं तारा. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मावशी तर माझ्याकडे अशी बघत होती की मी तिच्याच पोटची आहे. यादी ठेवायचं आणि खडू धरायचं काम माझ्याकडे आलं.

आणि चाललं की हो ते. बायका उजाडताना समुद्राच्या कडेनं फेऱ्या मारायला लागल्या, चहातली साखर अर्धी झाली. पण हळूहळू आणखी एक गोष्ट सुरू झाली. नर्स यायच्या आधी दोन दिवस लोक जेवणच सोडायचे. लिंबाच्या पानांचा चहा, बस. तपासणी झाली की त्याच सभागृहात पानांवर बसून तीन माणसांचं जेवायचे. मला ते दिसत होतं. मला त्याचं हसू यायचं. माझा फळा ताऱ्यांनी भरत होता.

आता पायाचं.

आमच्याकडे चार माणसांत मांडी घालून बसायचं. दुसऱ्याच्या दिशेनं पाय पसरणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. लांब करावेच लागले, तर वर चटई ओढायची. लहानपणी पहिला धपाटा खातो तो यावरून. आमच्या घरांना भिंती नाहीत, नुसते खांब. कोण काय शिजवतं, कोण कुणावर रुसलंय, सगळं रस्त्यावरून दिसतं. एवढ्या उघड्या गावात लपवायला जागा एकच, मांडीखालची.

रविवारची सकाळ होती. स्वयंपाकाच्या भट्टीतले तापलेले दगड बाजूला काढून ठेवले होते आणि मावशी मला चर्चच्या टोपीवरून बोलत होती, की टोपी डोक्यावर घालतात, कानावर नाही. बोलता बोलता ती थांबली आणि मला वास आला. मला वाटलं डुकराची कातडी. मी खाली बघितलं तर तिचा उजवा पाय दगडावर. तिनं तो सावकाश उचलला, ओल्या फडक्यावरून उचलावा तसा.

“मावशी, भाजलं.”

“दुखलं कुठे?” ती म्हणाली. “दुखलं नाही म्हणजे झालं नाही. टोपी नीट कर.”

तळव्याला पांढरा फोड आला, फुटला, आणि मग बुजेचना. मी रोज संध्याकाळी नोनीची पानं कुटून बांधायची. तिला म्हटलं, मालिया नर्सकडे जाऊ, बसनं अर्ध्या तासाचा रस्ता. मावशी म्हणाली की जी बाई दुसऱ्याच्या अंगणात शिट्टी वाजवते तिचाच पाय सडका निघाला तर गाव त्या शिट्टीनं पोरं खेळवेल. शिवाय तीन आठवड्यांनी तपासणी होती. फळ्यावर तिच्या नावापुढे तीन वेळा तारा आला होता, लागोपाठ. चौथा आला की पाळकसाहेब तिचं नाव चर्चमध्ये वाचणार होते. तिनं मला शपथ घातली नाही, नुसतं म्हणाली, तू माझी आहेस ना. मग मी कुणाला सांगणार?

तपासणीच्या आदल्या दिवशी मी पान काढलं तेव्हा तळव्याला अंगठा जाईल एवढं भोक होतं. कडा पिवळ्या. वासानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी धुराचं म्हणून पुसलं. मावशी दोन दिवस उपाशी होती. सकाळी तिनं साखर उतरवायच्या चार गोळ्या एकदम गिळल्या. मी पुन्हा म्हटलं, आज नर्सला दाखव, मी तिला बाजूला बोलावते. मावशीनं पायाला सुगंधी तेल लावलं आणि वरून नवीन चटई घेतली.

सभागृहात सगळे गोल बसलेले. समोर पाळकसाहेब, पाळकबाई, गावातले ज्येष्ठ. मावशी मांडी घालून, मांडीवर चटई. साखर निघाली सहा. आमच्याकडे सहा म्हणजे बरी, सोळा म्हणजे घाबरायचं. लोक गुणगुणले. वजनही उतरलं होतं, ते आजारानं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मालिया नर्स सव्वीस वर्षांची, आमच्याच गावच्या जावयाची पुतणी. तिनं हळूच विचारलं, पाय बघू का? पाळकसाहेबांकडे तोंड करून बसलेल्या अध्यक्षिणीला पाय पसरा म्हणायला तिची जीभ उचलेना. मावशी म्हणाली, बरे आहेत. मालिया थांबली. तिची नजर फिरत माझ्यावर आली, कारण यादी माझ्या हातात होती.

आजही मला ती नजर आठवते. ती विचारत नव्हती, मागत होती.

सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. मावशी मात्र बघत नव्हती, तिला बघायची गरज वाटत नव्हती. आणि मी त्याच आवाजात बोलले, ढाल मिळवलेल्या.

“मी कालच पाहिले. दोन्ही स्वच्छ आहेत.”

टाळ्या वाजल्या. मी खडू घेतला आणि तारा काढला, पाच टोकांचा, चांगला मोठा. सगळ्यात वाईट म्हणजे मी पाहिले होते हे खरंच होतं.

अकराव्या दिवशी मावशीला थंडी वाजून ताप भरला. पाऊल फणसासारखं फुगलं, घोट्याच्या वर लाल रेघ चढत होती. शेजारच्यांच्या ट्रकनं धक्क्यावर, तिथून फेरीनं पलीकडच्या बेटावर मोठ्या हॉस्पिटलात. फेरीत सगळे बाकांवर पाय वर घेऊन झोपतात, मावशी तापातसुद्धा पाय झाकून बसली होती. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस झाले? मी सांगितलं. नर्सनं तपासलं नाही? मी तेही सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, त्या दिवशी आली असती तर बहुतेक पाय राहिला असता. मग त्यांनी गुडघ्याखाली हात आडवा धरून दाखवलं, इथून.

आईला फोन मी केला. मागे कपडे धुण्याच्या यंत्रांचा आवाज येत होता.

“तू तिथंच होतीस ना ग?” एवढंच तिनं विचारलं.

मावशी घरी आली आणि तिनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे समुद्राकडची बाजू सोडून तिन्ही बाजूंना पडदे लावून घेतले. दिवसा पडदे असलेलं आमचं एकच घर. तिला आता मांडी घालता येत नव्हती. उरलेला पाय समोर लांब पडायचा, त्यावर चटई, आणि कुणी भेटायला आलं की ती झोपल्याचं सोंग करायची. मला काही बोलली नाही. एकदाही नाही. बोलली असती तर मी उलटून काही तरी म्हटलं असतं, रडले असते, काही झालं असतं. ती मला भात वाढून घे म्हणायची, शाळेला उशीर होईल म्हणायची.

समितीच्या फेरीच्या दिवशी पांढरे ब्लाउज रस्त्यानं आले. आमच्या घराशी आल्यावर शिट्टी थांबली, बायकांनी माना खाली घातल्या आणि पुढच्या घराशी शिट्टी पुन्हा सुरू झाली. त्यांनी ते मानानं केलं. मावशी आत पडद्याआड होती आणि तिचे ओठ शिट्टी फुंकतात तसे गोल झालेले मी पाहिले.

फळ्यावर तिच्या नावापुढचा तारा तसाच होता. मी एकदा ओलं फडकं घेऊन गेले. पाळकबाई तिथं फुलं मांडत होत्या, त्या म्हणाल्या की राहू दे, तिला कळलं तर वाईट वाटेल. मी फडकं पिळून परत आणलं. शाळेत यंदा पुन्हा स्पर्धा होती, सरांनी नाव मागितलं, मी दिलं नाही.

तीन महिन्यांनी मालिया नर्स आली. सभागृहात जायच्या आधी ती आमच्या घरी आली, बरोबर समितीच्या दोन बायका आणि पाळकबाई, म्हणजे मावशीला मान दिल्यासारखं होईल. मालियानं जखम बघितली, भरली होती. साखर बघितली, चौदा. गोळ्या रोज घेतेस का, असं विचारलं, तर मावशी म्हणाली, घेते. मग मालियानं विचारलं, दुसरा पाय?

चटई दुसऱ्या पायावर नीट पसरलेली होती. तेलाचा सुगंध येत होता. त्या तपासणीनंतर घरात तो पहिल्यांदाच येत होता.

मावशीनं सरळ माझ्याकडे बघितलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा.

“लुपेनं कालच पाहिला,” ती म्हणाली. “स्वच्छ आहे.”

मी पाहिला नव्हता. तिनं मला पाहू दिलाच नव्हता, रोज म्हणायची, मी स्वतः धुते. मालिया माझ्याकडे बघत होती, तशीच. मी तोंड उघडलं आणि माझ्या घशातून काहीच आलं नाही, कोंबडा नाही आणि चिमणीही नाही. मग मी गुडघ्यांवर बसले, पाळकबाईंसमोर, मावशीची परवानगी न घेता चटईचा कोपरा धरला आणि ती उचलली.

करंगळी काळी होती. शेजारचं बोटही. काळी म्हणजे जळलेल्या केळीच्या सालीसारखी, कोरडी.

मालियानं पिशवी उघडून हातमोजे काढले. पाळकबाईंनी नजर समुद्राकडे वळवली. मावशीनं मला झिडकारलं नाही, हातही मारला नाही. तिनं फक्त लावालावाची कड धरून खाली ओढली, पुरेल तेवढी, आणि ती पुरत नव्हती.

“फळ्यावर लिहू नकोस,” ती म्हणाली.