बनुअक्काची गाळलेली ओळ

बनुअक्काचा कोंबडा आरवला की हायवेवरचे ट्रक ब्रेक मारायचे. पुढं पोलिसांनी शिट्टी वाजवली, असं ड्रायव्हरांना वाटायचं. एकदा हुबळीकडचा एक ड्रायव्हर गाडीची कागदपत्रं घेऊन थेट अक्काच्या अंगणात आला आणि कोंबड्यासमोर अदबीनं उभा राहिला. कोंबड्याचं नाव सरदार. कागदपत्रं चोख असावीत, कारण सरदारानं त्याला जाऊ दिलं.

उंब्रजपासून आत वळलं की उसाच्या फडांत आमची वाडी आणि वाडीच्या टोकाला आमचं चर्च. आमची मंडळी ल्यूथरन. या भागात ल्यूथरन म्हटलं की लोक विचारतात, "ही बियाण्याची नवी कंपनी का?" आमचा एक पणजा रेल्वेच्या कामावर छिंदवाड्याकडं गेला आणि येताना बायको आणि पंथ दोन्ही तिकडूनच घेऊन आला. अख्खी मंडळी म्हणजे त्याचाच गोतावळा. त्यामुळं चर्चमध्ये कुणाचंही कुणाशी वाजलं तरी ते घरातलंच असतं, आणि घरातलं मिटायला जास्त वेळ लागतो.

बनुअक्का आणि तिचा धाकटा भाऊ जोतीराम यांचं वाजलं ते सरदारापायी.

जोतीराम फौजेत स्वयंपाकी होता. बर्फात वाट चुकलेली अख्खी पलटण आपल्या रश्श्याच्या वासावर तळावर परत आली, असं तो सांगायचा. त्याच्या बोलण्यातलं निम्मं मी नेहमी सोडून देतो. तरी निम्मी पलटण परत आली असणारच.

हंगामाच्या सणाला आमच्याकडं प्रत्येक घर आपल्या रानातलं काहीतरी वेदीपुढं आणून ठेवतं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. त्या वर्षी बनुअक्का मागच्या पडवीत चहाच्या पातेल्याशी होती. सरदार तिच्या मागं मागं आलेला. पडवीत धूर झाला म्हणून तो चर्चमध्ये शिरला, बाकांमधल्या वाटेनं ऐटीत पुढं गेला आणि दोन भोपळ्यांच्या मध्ये जाऊन बसला. लिलाव पुकारणाऱ्या कोंडीबानं त्याला पाहिलं आणि छातीवर हात ठेवला.

"मंडळी," तो म्हणाला, "बनुअक्कानं सरदार दिला."

पोटचं पोर दिल्यासारखंच ते. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. तेव्हाच्या पाळकांनी या अर्पणाबद्दल खास प्रार्थना केली, आणि सरदारानंही तेवढा वेळ मान खाली घातली, म्हणून कुणाला शंकाच आली नाही. बहिणीच्या अभिमानानं जोतीरामची छाती अशी फुगली की त्यानं दुसऱ्या कुणाला बोली लावू दिली नाही. सरदार घरी नेला आणि संध्याकाळी फौजी पद्धतीनं रस्सा केला. अक्काला हाताला धरून जेवायला आणलं.

अक्का दुपारपासून सरदाराला हाका मारून दमली होती. तिनं भाकरी कुस्करली, वाटी संपवली, आणखी मागून घेतला. मग बोटं चाटत म्हणाली, "कुणाचं कोंबडं रं, जोत्या? लय चवीचं हाय."

"अक्का, तुझंच की," जोतीराम म्हणाला.

पुढच्या रविवारपासून बनुअक्का प्रभूच्या प्रार्थनेतली एक ओळ गाळायला लागली. आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर, अशा अर्थाची ती ओळ. अक्काचा आवाज रानात हाका मारून कमावलेला. सगळ्या मंडळीची प्रार्थना त्या आवाजाच्या आधारानं चालायची. त्या ओळीला तो आवाज बंद पडला की प्रार्थना एका चाकावरच्या बैलगाडीसारखी कलायची. ओळ संपली की अक्का पुन्हा सुरू. देवापुढं खोटं बोलायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं. प्रभुभोजनाची भाकरी घ्यायलाही ती पुढं जायची नाही, बाकावर बसून राहायची. आणि उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, वाचनात पेत्रानं येशूला नाकारलं आणि कोंबडा आरवला की अख्खं चर्च पेत्राला सोडून जोतीरामकडं बघायचं.

अशी चार वर्षं गेली. यंदा जोतीरामला हर्निया झाला. मिरजेच्या डॉक्टरांनी बजावलं, लवकर ऑपरेशन करून घ्या, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल.

"अक्कानं माफ केल्याबिगर मी टेबलावर चढणार न्हाई," जोतीरामनं वाडीत जाहीर केलं. "मेलो तर वर काय तोंड दाखवू?"

मग त्यानं कोंबडे आणायला सुरुवात केली. पहिला शिराळ्याच्या बाजारातून आणला. अक्कानं तो दारातूनच परत धाडला. दुसरा आटपाडीहून. तो इतका दांडगा होता की एसटीच्या कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं आणि वर खिडकीची जागा दिली. तोही परत आला. होता होता जोतीरामच्या अंगणात कोंबड्यांची पलटण उभी राहिली. पहाटे सगळे मिळून आरवायचे. वाडीत कुणाला झोप नाही, आणि जोतीराम पोटाला हात लावून फिरतोय.

आमच्या नव्या पाळक क्रांतीबाई सांगलीच्या. वयानं लहान, पण ऐकायची सवय मोठी. एका शनिवारी त्या अक्काकडं गेल्या. अक्का ओसरीवर हरभऱ्याचे घाटे सोलत होती. क्रांतीबाईही बसल्या आणि सोलायला लागल्या.

"अक्का, डॉक्टर घाई करतायत. एका कोंबड्यासाठी भावाला किती दिवस ताटकळत ठेवणार?"

"कोंबड्याचं कोण बोलतंय, बाई? ते मी त्याच आठवड्यात सोडलं. जोत्यानं काय जाणूनबुजून कापला व्हय? कोंडीबाचं डोळं फुटलं हुतं, त्याला ह्यो काय करणार."

"मग राग कशाचा?"

अक्कानं मूठभर दाणे सुपात टाकले.

"आवं, दुसऱ्या दिशी ह्यो चावडीवर हसत सांगत हुता, अक्कानं आपलाच सरदार दोनदा वाढून घेतला म्हणून. मी रस्त्यानं चालले की पोरं बोटं चाटून दावायची. चार वरसं झाली. एकदा तरी म्हणला का, अक्का, तुला हसलो म्हणून? निस्ती कोंबडी आणतोय."

"मी सांगू त्यांना?"

"नगं. तुमी सांगून मागितली तर ती तुमची माफी झाली, त्याची न्हवं."

क्रांतीबाईंनी शब्द पाळला. जाताना जोतीरामला एवढंच म्हणाल्या, "काका, कोंबडे आणायचं बंद करा. तुम्ही भलत्याच गोष्टीची माफी मागताय."

जोतीरामनं डोकं खाजवलं. डोकं खाजवून काही निघेना, तेव्हा मला घेऊन तो उंब्रजच्या स्टँडवर चहाला आला. तिथं बाकावर आटपाडीचा एक गडी गाडीची वाट बघत बसला होता आणि शेजाऱ्यांची करमणूक करत होता.

"ह्याच बाजूला एक बाई हाय म्हणं," तो सांगत होता. "भावानं कोंबडं शिजवलं तर एकटीनं समदं खाल्लं. पातेलं पुसून घेतलं. मग कळलं, कोंबडं तिचंच. तर म्हणती कशी, मग खुराड्यात अंडी असतील, तीबी आणा."

स्टँडवरचे लोक हसले. सगळ्यांत मोठ्यानं जोतीराम हसला. त्याची सवयच होती ती.

"आमच्याकडं सून जरा जास्त जेवली," तो गडी पुढं म्हणाला, "की सासू म्हणती, आली बघा बनुबाई."

जोतीरामचं हसू तिथंच आटलं. गोष्ट फुगत कशी जाते हे मला कुणी शिकवायला नको. पण घरातून हाकललेली गोष्ट इतकी लठ्ठ होऊन स्टँडवर भेटायला आलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"गड्या, अक्का अशी न्हाई रं," जोतीराम मला म्हणाला.

"मला काय सांगतोस? आटपाडीला सांग."

चहा तसाच टाकून तो उठला आणि वाडीपर्यंत एक शब्द बोलला नाही. जोतीराम गप्प बसलेला मी पाहिला, हे वाडीत अजून कुणी खरं मानत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. साक्ष द्यायची, म्हणजे मंडळीपुढं मनातलं बोलायची, वेळ झाली तसा जोतीराम पोट धरून उभा राहिला. पुन्हा कोंबड्याचं काढणार, म्हणून माणसांनी बाकांवर चुळबूळ केली.

"मंडळी, कोंबडं चुकून गेलं," तो म्हणाला. "पर मी हसलो ते चुकून न्हवं. चावडीवर सांगितलं, लग्नात सांगितलं, बाजारात सांगितलं. दर खेपंला अक्काच्या पानात एक वाटी वाढवली. त्या सांजंला अक्का माझ्या घरनं उठली आन् रिकाम्या खुराड्यापाशी जाऊन बसली. लय येळ बसली. मी लांबनं बघत हुतो. त्ये मात्र मी कुणालाच सांगितलं न्हाई. त्यात हसण्यासारखं काय न्हवतं." मग तो बायकांच्या बाजूला वळला. "अक्का, मी तुला हसलो. माझं चुकलं."

सगळ्या माना अक्काकडं वळल्या. तुळईवरची चिमणीसुद्धा चिवचिवाट अर्धा सोडून खाली वाकून बघत होती.

"जोत्या," बायकांच्या बाकावरून आवाज आला.

"अक्का?"

"दोनदा न्हवं. दुसरी अर्धीच वाटी हुती."

हसावं की नाही, कुणाला कळेना. कोंडीबानं तर तोंडात रुमाल कोंबला. मग अक्काच हसली, आधी नाकातनं आणि मग पोटातनं, आणि ती हसली तेव्हा सगळ्या मंडळीनं चार वर्षांचं तुंबलेलं हसू मोकळं केलं. क्रांतीबाईंना हसू आवरून प्रार्थना सुरू करायला चांगलाच वेळ लागला.

ती ओळ जवळ आली तसा प्रत्येकानं आपला आवाज खाली घेतला. अक्काचा आवाज ऐकायचा होता ना. तिनं ओळ म्हटली, एकटीनं, रानातल्या आवाजात, एक अक्षर न गाळता. मग ती उठून पुढं गेली आणि प्रभुभोजनाच्या भाकरीसाठी तिनं भावाच्या शेजारी गुडघे टेकले. जोतीरामला हर्नियामुळं नीट वाकता येईना, तर तिनं त्याचा दंड धरून त्याला खाली बसवलं आणि नंतर उठवलंही.

उपासना सुटल्यावर अंगणात जोतीराम हात झटकत म्हणाला, "अक्का, जीव कसा हलका झाला बघ. दुखणंच गेलं वाटतंय. ऑपरेशन जरा पुढं ढकलावं म्हणतो."

अक्कानं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"म्हंजी इतके दिस माझ्या नावामागं दडून बसला हुतास व्हय? सुई टोचत्यात म्हणून?"

"तसं न्हवं गं."

"उद्या सकाळच्या पहिल्या गाडीला तयार ऱ्हा."

सोमवारी ती त्याला मिरजेला घेऊन गेली. पाठोपाठ आम्हीही गेलो. स्ट्रेचरवरून आत नेताना जोतीरामचा चेहरा पांढरा पडला होता, आणि फौजेतली एकही गोष्ट त्याला आठवत नव्हती.

"अक्का, आत येतीस का?"

"मी काय डागदर हाय व्हय? जा मुकाट. मी हितंच बसते."

दार बंद झालं. नातेवाइकांनी खालच्या मजल्यावर थांबायचं असतं, असं नर्सनं येऊन सांगितलं. मग दुसरी नर्स आली, मग वॉर्डबॉय. अक्कानं मांडीवरची पिशवी नीट केली आणि त्या दाराकडं तोंड करून बसून राहिली.